वाचकांचे प्रश्न : रॅपचा जन्म, आपली शाहिरी आणि उसना ठेका

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी मराठी आणि कन्नड ओळी गुंफून रॅप सादर केला. अध्यक्षांनी 'हा तर आपला पोवाडाच' असे म्हणून त्याचे कौतुक केले. रॅप हाही अन्यायाविरुद्धचा आवाज म्हणून जन्मला का? पोवाड्याशी त्याचे नाते खरोखर जुळते का?
– एक प्राध्यापक, निपाणी

उत्तर : रॅप ज्या हिप-हॉप संस्कृतीत वाढला, तिचा आरंभ निषेधसभेत नव्हे, नाचाच्या कार्यक्रमात झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून आपल्या इमारतीतील सभागृहात एक कार्यक्रम ठेवला होता; मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट असे प्रवेशमूल्य होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, उभा राहिला. हे कुटुंब जमैकातून आलेले असल्याने रस्त्यावर अजस्र ध्वनिवर्धक लावून नाचण्याची तिकडची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली होती. (आपल्याकडच्या विसर्जन मिरवणुकीतील डॉल्बी ज्यांनी सोसला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.) गायन थांबून केवळ ढोल-ताशांसारखी तालवाद्येच उरतात, त्या काही क्षणांत नाचणाऱ्यांना सर्वाधिक चेव येतो, हे हर्कने हेरले आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आलटून-पालटून वाजवून तो तुकडा हवा तितका लांबवला. त्या ठेक्यावर निवेदकांनी यमके जुळवून बोलायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे रॅप आकाराला आला.

मात्र ही मौज ज्या वस्तीत चालली होती, तिची दैना झालेली होती. ब्राँक्समधून नेलेल्या द्रुतगती महामार्गासाठी हजारो कुटुंबे उठवली गेली, कारखाने गेले, भाड्याला किंमत उरली नाही तेव्हा काही घरमालकांनी विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्या. एवढे सारे भोवती घडत असताना गाण्यात ते उमटायला काही वर्षे जावी लागली. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या चमूचे 'द मेसेज' हे गाणे 1982 मध्ये आले, तेव्हा फुटक्या काचा, थकलेली बिले आणि तुरुंगाची वाट धरणारी मुले हे रॅपचे विषय ठरले.

पोवाड्याशी तुलना करताना म्हणूनच सावध राहावे. अफजलखान वधाचा पोवाडा रचणारा अग्निदास दुसऱ्याचा पराक्रम गातो. रॅप करणारा बहुधा 'मी'पासून आरंभ करतो आणि आपली गल्ली, आपली गरिबी, आपलीच फुशारकी सांगतो. माझ्या मते रॅपचा जवळचा नातलग शोधायचा असेल, तर तो पोवाड्यात न शोधता अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत शोधावा. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार तेथे स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि गावी राहिलेल्या पत्नीचा विरह सांगता सांगता महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगावचे दुःख उच्चारतो. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या सीमाभागातील वाचकांना त्या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. तुमच्या विद्यार्थ्यांनी मात्र दोन्ही भाषा एका ठेक्यात आणल्या, हे मला अध्यक्षांच्या कौतुकापेक्षा अधिक दखल घेण्याजोगे वाटते.

प्रश्न : माझा नातू ऐकतो त्या गाण्यांत शिव्या, बंदुका आणि स्त्रियांचा अवमान असतो. याला सामाजिक आशय म्हणायचे का?
– एक वाचिका, खानापूर

उत्तर : सरसकट म्हणू नये. एन. डब्ल्यू. ए. या लॉस एंजेलिस परिसरातील रॅप गटाने 1988 मध्ये पोलिसांच्या अत्याचारावर जहाल गाणे केले, तेव्हा त्याचा राग खरा होता. त्याच गटाच्या गाण्यांतील स्त्रीद्वेषही तितकाच खरा होता, आणि पहिल्यासाठी दुसऱ्याला सूट देण्याचे कारण नाही. पुढे गाणी काढणाऱ्या कंपन्यांना असा दंगा अधिक विकाऊ वाटला. या अवमानाला उत्तरही रॅपमधूनच मिळाले : क्वीन लतीफा यांनी 1993 च्या 'युनिटी' या गाण्यात रस्त्यावरील छेडछाड आणि घरातील मारहाण यांवर थेट बोट ठेवले. नातवाला ते अवश्य ऐकवा. केंड्रिक लमार या रॅप गायकाच्या 'डॅम' या संग्रहाला 2018 मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, हेही त्याला सांगता येईल.

प्रश्न : जुन्या मराठी भावगीतातील वाद्यांचा तुकडा घेऊन त्यावर रॅप रचला, तर चालेल का?
– एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : परवानगीविना चालणार नाही. अमेरिकेतही आरंभी असे तुकडे बिनदिक्कत घेतले जात. 1991 मध्ये बिझ मार्की या रॅप गायकाने असा तुकडा घेऊन केलेल्या एका गाण्यावरून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कठोर निकाल दिला आणि त्यानंतर आधी परवाना घेण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो आणि चाल व शब्द यांचा हक्क संगीतकार व कवी यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. त्यामुळे केवळ ध्वनिमुद्रण जुने आहे म्हणून ते मोकळे झाले असे समजू नये. त्यापेक्षा ओळखीच्या ढोलकीवाल्याला बसवून स्वतःचा ठेका ध्वनिमुद्रित करून घ्यावा.