घरात मधुमेही सासूबाई आणि पाच महिन्यांचे बाळ असताना फ्लूच्या साथीत काळजी कशी घ्यावी?

तुमच्या प्रश्नावरून एवढे समजले की यावल तालुक्यातील तुमच्या गावात फ्लूची साथ आहे, यजमानांना कालपासून थंडी वाजून ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला आहे, आणि घरी थांबावे की दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यावे, यावर घरात एकमत होत नाही. मी चोपड्याला औषधांचे दुकान चालवतो. मी डॉक्टर नाही, परंतु साथीच्या दिवसांत घरोघरी काय घडते ते रोज समोर दिसते, त्यावरून हे लिहीत आहे.

तुमच्या घरात सर्वांना एकच नियम लावता येणार नाही. यजमानांना दुसरा कोणताही जुना आजार नसेल आणि ते तोंडाने पाणी पिऊ शकत असतील, तर ते घरीच बरे होऊ शकतात. त्यांना सलाईनची गरज नाही. सासूबाई आणि बाळ यांच्यापैकी कोणालाही ताप आला, तर मात्र ‘दोन दिवस वाट पाहू’ असे म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फ्लूवरचे ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, आणि ते द्यायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, त्यामुळे ते मागून घेऊ नये. चिठ्ठीशिवाय पुडीत बांधून मिळणाऱ्या सुट्या गोळ्यांपासून तर कटाक्षाने दूर राहावे, कारण त्यांत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही.

आता घरातल्या संसर्गाविषयी. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो, म्हणजे यजमानांना वेगळ्या खोलीत झोपवण्याची वेळ आजच आहे. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत खिडक्या लहान असतात आणि थोडा गारवा पडला की त्याही लावल्या जातात. कोंडलेल्या हवेत विषाणू साचून राहतो, म्हणून हवे तर एक पांघरूण वाढवा, पण खिडकी उघडी ठेवा. रुग्णाची सेवा एकाच व्यक्तीने करावी, आणि ती व्यक्ती तुम्ही नसावी, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या घरांत रुग्णाचे पाणी, जेवण, अंथरूण आणि मांडीवरचे बाळ हे सगळे एकाच सुनेच्या वाट्याला येते आणि आजार तिच्या हातून बाळापर्यंत पोहोचतो. दीर किंवा मोठा पुतण्या हे काम करू शकतो. त्याने आणि रुग्णाने मास्क वापरावा, प्रत्येक वेळी साबणाने निदान वीस सेकंद हात धुवावेत, दाराची कडी, मोबाइल, रिमोट पुसून घ्यावेत. गुळगुळीत कठीण पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना आठवडाभर फोनवरच बोलण्याची विनंती करावी. त्यात कोणाचा मान कमी होत नाही. उद्या तुम्हालाच ताप आला तरी अंगावरचे दूध बंद करू नका. मास्क लावून, हात धुऊन पाजत राहा.

तापासाठी पॅरासिटामोल पुरेसे आहे. प्रौढांनी ५०० मिलिग्रॅमची गोळी गरजेप्रमाणे दर सहा तासांनी घ्यावी. मात्र सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामोलच असते, आणि दोन्ही एकदम घेतल्याने मात्रा दुप्पट होते, ही चूक मला वारंवार दिसते. म्हणून पाकिटावरची नावे वाचून घ्या. पावसाळ्यानंतर डेंगीही असतो आणि सुरुवातीच्या तापावरून दोन्ही वेगळे ओळखणे अवघड असते. डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढू नये म्हणून आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नये. मुलांना तर ॲस्पिरिन कधीच देऊ नये. लघवी फिक्या रंगाची राहील इतके पाणी, पातळ ताक, मुगाच्या डाळीचे पाणी थोडे थोडे देत राहा. भूक लागली की मऊ खिचडी किंवा ज्वारीच्या कण्या द्याव्यात. शेवभाजी आणि भरीत थोडे दिवस बाजूला राहू द्या. काढा घशाला बरा वाटतो म्हणून प्यावा, पण त्याने विषाणू मरत नाही. बाळाला वाफ देऊ नका, उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका असतो. सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. तापात साखर वाढते आणि जेवण कमी झाल्यास उतरूही शकते, म्हणून ती रोज तपासा.

पुढील गोष्टी दिसल्यास घरी थांबू नका, १०८ ला फोन करा: धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस गोंधळल्यासारखा बोलणे किंवा त्याला जागे करणे अवघड जाणे. ऑक्सिमीटर घरी असेल आणि आकडा ९४ च्या खाली राहत असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. बाळाचा श्वास शांत असताना मिनिटाला ५० किंवा अधिक वेळा चालत असेल, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा ते दूध पीत नसेल, तर रात्र असली तरी निघा. ताप उतरून बरे वाटू लागल्यावर पुन्हा जोराचा ताप आणि खोकला वाढणे हे फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. त्या वेळी अँटिबायोटिक लागू शकते आणि ते डॉक्टर देतील.

ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडेही राहतो. गोळी न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच यजमानांनी लोकांत मिसळावे, आणि केळीच्या घडांची ओझी उचलण्याची घाई करू नये. सासूबाई सध्या बऱ्या असतील तर त्यांच्या डॉक्टरांना फ्लूच्या लसीविषयी याच आठवड्यात विचारा. ही लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. सहा महिन्यांखालील बाळाला ती देता येत नाही, म्हणून बाळाला हाताळणाऱ्या घरातल्या मोठ्यांनीही ती घ्यावी, आणि बाळाला सहा महिने पूर्ण झाले की त्याच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.