गाडीच्या टचस्क्रीनवर ऊन आलं की काहीच दिसत नाही. मॅट स्क्रीनगार्ड लावू का?

तुम्ही लिहिलंय की दुपारनंतर गाडी चालवताना मधल्या टचस्क्रीनवर ऊन येतं, नकाशा पुसून टाकल्यासारखा होतो, ब्राइटनेस आधीच पूर्ण आहे आणि आता मॅट स्क्रीनगार्ड मागवायचा विचार आहे. माझं म्हणणं, एवढ्यात मागवू नका. मॅट, म्हणजे किंचित खरखरीत, न चकाकणारा गार्ड एका प्रकारच्या त्रासावर छान चालतो आणि दुसऱ्या प्रकारात स्क्रीन होती त्याहून वाईट दिसायला लागते. तुमचा त्रास त्यातला कुठला, हे पाच मिनिटांत कळतं आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी, गाडीचं तोंड त्याच दिशेला ठेवून, रस्त्यापासून बाजूला सुरक्षित जागी उभे राहा. चालवताना बसता तसे पाठ टेकून बसा आणि स्क्रीन बंद करा. बऱ्याच गाड्यांत नुसता डिस्प्ले बंद करायची सोय असते, नसेल तर गाडीच बंद करा. आता त्या काळ्या काचेत काय दिसतंय ते निरखून बघा. स्क्रीन चालू असताना आपल्याला नुसती चमक जाणवते. बंद केली की त्या चमकेला आकार येतो.

मी हे पहिल्यांदा केलं त्याआधी कित्येक दिवस माझी पक्की समजूत होती की ऊन माझ्याच बाजूच्या खिडकीतून येतंय. त्यामुळे सन व्हायझर त्या बाजूला वळवून चालवायचो आणि फरक काही पडायचा नाही. स्क्रीन बंद केल्यावर तिच्यात दिसली ती पलीकडची मागची खिडकी. तिची तिरकी कड, रबराची काळी पट्टी, सगळं स्पष्ट. आणि तिच्या खाली एक पांढरट डाग होता, तो काय आहे ते आधी कळेना. शेजारच्या सीटवर मी रोज जी फिकट रंगाची बॅग ठेवायचो, तीच उन्हात उजळून स्क्रीनमध्ये उतरली होती. बॅग उचलून खाली पायांपाशी ठेवली आणि निम्मी चमक तिथल्या तिथे गेली.

यामागे आरशाचा साधा नियम आहे. स्क्रीन गाडीच्या मधोमध असते आणि चालवणारा एका बाजूला बसतो. त्यामुळे त्याला स्क्रीनमध्ये स्वतःची बाजू दिसत नाही, पलीकडची दिसते: शेजारची सीट, तिच्यावरचं सामान, त्या बाजूची मागची खिडकी. स्क्रीन चालवणाऱ्याकडे बरीच वळवलेली असेल तर मात्र आपलाच फिकट शर्ट तिच्यात दिसू शकतो. उंचीचंही तसंच आहे. डोळे स्क्रीनपेक्षा वर असतात. स्क्रीन सरळ उभी असेल तर नजर परावर्तित होऊन मागे आणि खाली, म्हणजे सीटच्या गडद भागाकडे जाते. पण स्क्रीन वरच्या कडेने मागे कललेली असेल, तर तीच नजर छताकडे किंवा मागच्या काचेकडे जाते. छताला काच असेल तर मग बघायलाच नको.

म्हणून स्क्रीन हलवता येण्यासारखी असेल, तर पहिला उपाय हाच. नंतर बसवलेल्या स्क्रीनच्या स्टँडला बहुतेक वेळा कोन बदलायची सोय असते. वरची कड थोडी आपल्याकडे ओढा. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट त्यातलं प्रतिबिंब सरकतं. स्क्रीन 5 अंश हलवली तर प्रतिबिंब 10 अंशांनी सरकतं, म्हणजे दीड मीटर अंतरावर वीतभरापेक्षा जास्त. खिडकीऐवजी काळी सीट समोर यायला एवढं बऱ्याचदा पुरतं. स्क्रीन बंदच ठेवून कोन बदलत राहा आणि काच सगळ्यात काळी दिसेल तिथे थांबा. फिकट सीट कव्हर किंवा सामान समोर येत असेल, तर ते गडद करणं किंवा हलवणं हा त्याच उपायाचा पुढचा भाग.

आता दुसरी तपासणी. स्क्रीनच्या वर हात आडवा धरा. हाताची कड स्पष्ट दिसेल अशी सावली स्क्रीनवर पडली, तर तिथे उन्हाचा कवडसा थेट येतोय. सावली पडत नसेल आणि तरी चमक दिसत असेल, तर ते नुसतं प्रतिबिंब आहे. या दोन्ही गोष्टींना आपण 'ग्लेअर' म्हणतो, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि तुमच्या मॅट गार्डच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

साध्या काचेचा गुळगुळीत पृष्ठभाग समोरून येणाऱ्या प्रकाशाचा सुमारे 4 टक्के भाग आरशासारखा परत पाठवतो. मॅट गार्ड हा भाग कमी करत नाही, तो विस्कटून टाकतो. खिडकीची धारदार चौकट जाऊन तिथे धूसर उजेड येतो आणि डोळ्यांना खरोखर आराम पडतो. पण थेट ऊन पडलं की तोच खरखरीत पृष्ठभाग ते ऊन चारी दिशांना उधळतो, त्यातलं काही तुमच्या डोळ्यांकडे येतं आणि पूर्ण स्क्रीन दुधाळ होते. गुळगुळीत, स्वच्छ काचेवर पडलेलं ऊन मात्र एकाच दिशेला निघून जातं. ती दिशा तुमच्या डोळ्यांची नसेल, तर नकाशा वाचता येतो. बारीक पिक्सेलच्या स्क्रीनवर मॅट गार्डमुळे अक्षरांभोवती चमचमही दिसते.

अँटी-रिफ्लेक्टिव्ह फिल्म ही वेगळी वस्तू आहे, दोन्ही नावं एकत्र करू नका. चष्म्याच्या काचेवर असतो तसा पातळ थर तिच्यावर असतो आणि तो परावर्तनच कमी करतो. नेहमीचा एक थरसुद्धा ते 4 टक्के परावर्तन दीड टक्क्याच्या आत आणतो, अनेक थरांचं लेपन त्याहून खाली जातं. चांगली फिल्म लावून बंद स्क्रीन बघितली, तर परावर्तनाला जांभळट किंवा हिरवट छटा दिसते. काही गाड्यांच्या स्क्रीनवर असा थर कारखान्यातूनच येतो. तुमच्या बंद स्क्रीनवर आत्ताच तशी छटा दिसत असेल, तर वर साधा चकचकीत गार्ड चिकटवू नका. चांगला थर त्याच्याखाली दडून जाईल आणि चमक वाढेल. नुसत्या कडांवर चिकटणारे काचेचे गार्डही टाळा. मध्ये हवेची फट राहते आणि परावर्तन करणारे आणखी दोन पृष्ठभाग तयार होतात.

ब्राइटनेस पूर्ण करूनही का भागत नाही, तेही सांगतो. गाडीच्या स्क्रीन साधारण 500 ते 1,000 निट उजळ असतात (निट म्हणजे एखादी वस्तू किती उजळ दिसते त्याचं माप). भर दुपारचं थेट ऊन सुमारे 1,00,000 लक्स (वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) असतं आणि त्यात ठेवलेला पांढरा कागद 25,000 निटच्या आसपास उजळतो. स्क्रीनवरची धूळ आणि बोटांचे ठसे उन्हात त्या कागदाच्या बारीक कपच्यांसारखेच चमकतात. त्यामुळे कवडसा पडत असेल, तर स्क्रीन पुसून घेण्याचा परिणाम तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. मऊ मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून पुसा, मग कोरड्याने. पाणी कापडावर घ्या, स्क्रीनवर फवारू नका, कडेतून आत जातं. अमोनिया असलेलं काच साफ करायचं द्रव्य वापरू नका, थर खराब होतो.

कवडशावर खरा इलाज सावलीचा. पुष्कळ गाड्यांत स्पीडोमीटरवर कंपनीने आधीपासून छज्जा दिलेला असतो, मधल्या स्क्रीनला तो बऱ्याचदा नसतो. आपण करायचा. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा: वरची एक पट्टी आणि ज्या बाजूने ऊन येतं त्या बाजूला एक उभा कान. चिकटपट्टीने दोन-तीन दिवस लावून बघा. किती खोल हवा याचा हिशेब सोपा आहे. मागून येणारं ऊन 45 अंशांवर असेल, तर 10 सेंटीमीटर उंचीची उभी स्क्रीन पूर्ण झाकायला छज्जाही 10 सेंटीमीटर लागतो. ऊन 60 अंशांवर असेल तर 6 पुरतात, 30 अंशांवर उतरलं तर 17 लागतात. एवढा लांब छज्जा कुणी लावणार नाही, लावूही नये. मावळतीचं ऊन बाजूच्या खिडकीतून येत असेल, तर वरच्या छज्जापेक्षा तो बाजूचा कान जास्त काम करतो, हे मी करून बघून शिकलो.

नमुना जमला की तोच आकार 3 मिलिमीटर जाडीच्या काळ्या फोम शीटमधून कापा. आतल्या बाजूला काळं मखमली कापड चिकटवा. नुसता काळा कागद किंवा काळं प्लास्टिक तिरप्या उन्हात चमकतं, मखमल प्रकाश गिळून टाकते. डॅशबोर्ड उन्हात इतका तापतो की साधा डिंक सुटतो, म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्या बऱ्या, शिवाय गरज नसेल तेव्हा काढून ठेवता येतं. काही ठिकाणी अजिबात तडजोड करू नका: एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या वाटेत काही येता कामा नये, रस्ता झाकला जाऊ नये, चारही इंडिकेटर एकदम लावायचं लाल त्रिकोणाचं बटण झाकलं जाऊ नये आणि एसीची जाळी मोकळी राहावी. कडक किंवा टोकदार काहीही बसवू नका.

सेटिंगमध्ये दोन जागा बघाच. दिवसा हेडलाइट लावले की पुष्कळ गाड्या रात्र समजून स्क्रीन मंद करतात. ब्राइटनेसची पट्टी पूर्ण दिसते, पण ती रात्रीची असते. तुमच्या गाडीत असं होतंय का, हे दिवे चालू-बंद करून लगेच कळेल. तसंच, डॅशबोर्डवर काचेजवळ एक छोटा काळा उंचवटा असेल तर तो उजेड मोजणारा सेन्सर असू शकतो. त्याच्यावर कागद, फोन किंवा चटई आली असेल तर हलवा. आणि नकाशाचा रंग दिवसा फिकट ठेवा. काळ्या पार्श्वभूमीचा नकाशा उन्हात आरसा होतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर तेच प्रतिबिंब फारसं उठत नाही. गडद थीम रात्रीसाठी उत्तम, दुपारी नको.

पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर एकदा तो डोळ्यांवरून काढून बघा. एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाश स्वतःच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि काही स्क्रीनची दिशा गॉगलला आडवी पडते, मग स्क्रीन काळपट किंवा निळसर दिसते. गॉगल हातात धरून स्क्रीनसमोर हळूहळू फिरवा, उजेड कमी-जास्त होताना दिसेल. डॅशबोर्डचं समोरच्या काचेत पडणारं प्रतिबिंब आणि रस्त्यावरची चमक यांना तो गॉगल चांगला आवरतो. उभ्या स्क्रीनवर बाजूने दिसणाऱ्या प्रतिबिंबाला मात्र त्याचा तसा उपयोग होत नाही.

उन्हात उभ्या गाडीत बसल्यावर पहिली काही मिनिटंच स्क्रीन मंद वाटत असेल, तर कारण उष्णतेचं आहे. फार तापल्यावर स्क्रीन स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करते. गाडी उभी करताना समोरच्या काचेला आतून सनशेड लावा आणि निघताना आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या.

एक कळकळीची विनंती. ताशी 60 किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी 33 मीटर पुढे जाते आणि उन्हात न दिसणारी स्क्रीन वाचायला माणूस नकळत त्याहून जास्त वेळ बघत राहतो. हे सगळं जमेपर्यंत नकाशाचा आवाज चालू ठेवा आणि मागे घेताना कॅमेरा धूसर दिसला तर आरसे बघा, मान वळवा, गरज पडली तर उतरून बघा.

तपासणीत कवडसा अजिबात न पडता नुसतं प्रतिबिंबच निघालं, कोन बदलता येत नाही आणि सीटवरचं सगळं हलवूनही भागलं नाही, तर गार्ड जरूर लावा. परवडत असेल तर अँटी-रिफ्लेक्टिव्ह, नाहीतर मॅट चालेल. स्क्रीनची नेमकी लांबी-रुंदी मोजून घ्या, कारण गाड्यांची स्क्रीन नुसत्या इंचांवर ठरत नाही. गाडी सावलीत उभी करून, खिडक्या आणि एसीचा पंखा बंद ठेवून लावा, नाहीतर धूळ उडून खाली अडकते. एक छोटी कड आधी टेकवून सरळ रेषेत बसली का बघा, मग जुन्या प्लास्टिक कार्डाला मऊ कापड गुंडाळून मधून कडेकडे हवा काढत जा.