फौजी नोकरीत टिकत नाहीत?

प्रश्न: मी साताऱ्यात एमबीएच्या (एचआर) दुसऱ्या वर्षाला आहे. इथल्याच एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंटर्नशिप करते. माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेत, म्हणून माजी सैनिकांच्या भरतीचं काम मॅनेजरांनी माझ्याकडे दिलंय. गेल्या वर्षी घेतलेल्या सहांपैकी चौघे सोडून गेले. ‘फौजी टिकत नाहीत’ असं प्रॉडक्शनवाले म्हणतात. हे खरं आहे का? आणि मी याच कामात करिअर करावं का?

उत्तर: तुझ्या पत्रात एक गोष्ट राहून गेली. त्या सहा जणांना कोणत्या कामावर घेतलं होतं? माझा अंदाज आहे, निम्मे तरी गेटवर असतील.

आपल्याकडे हवालदार म्हटलं की चौकातला पोलीस डोळ्यांपुढे येतो. लष्करातला हवालदार वेगळा. शिपाई, लान्स नाईक, नाईक अशा पायऱ्या चढून तो दहा जवानांच्या सेक्शनचा प्रमुख होतो. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार असेल, तर शंभरावर जवानांचं रेशन, कपडे, सामान सगळं त्याच्या चार्जमध्ये असतं.

वीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात होतो. स्टोअर्ससाठी माणूस हवा होता आणि अशाच एका क्वार्टरमास्टर हवालदारांचा अर्ज आला. मी त्यावर पेन्सिलीने लिहिलं, ‘सिक्युरिटीसाठी बघा.’ ते गेटवर लागले. आवक-जावक रजिस्टरात त्यांनी स्वतःहून पट्टीने दोन रकाने जास्तीचे आखले : सीलचा नंबर, आणि गाडी आत किती वेळ थांबली. मार्चअखेरीला स्टोअर्सचा हिशेब जुळेना, तेव्हा ताळा त्या रजिस्टरवरून लागला. तरीही त्यांना आत घेतलं नाही. दीड वर्षाने दुसऱ्या कारखान्याने त्यांना स्टोअर इनचार्ज म्हणून नेलं, आणि आमच्याकडे सगळे म्हणाले, फौजी टिकत नाहीत. पेन्सिलीची ती ओळ मला आजही टोचते.

सुरक्षेचं काम हलकं नाही. 2005 चा खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदाही रक्षक नेमताना माजी सैनिकांना पसंती देण्याची मुभा देतो. पण ते काम ज्याला हवंय त्याला द्यावं.

मुलाखतीत तुला जास्त मेहनत घ्यावी लागेल. या माणसाने आयुष्यात एकच भरती दिलेली असते, पहाटेच्या मैदानावर 1.6 किलोमीटर धावून. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की ‘चोवीस वर्षं सर्व्हिस झाली, मॅडम’ एवढंच उत्तर येतं. पुढे जे काही सांगेल ते ‘आम्ही’ म्हणून. तेव्हा असं विचार : चार्जमध्ये काय काय होतं? बदलीच्या वेळी हँडिंग-टेकिंगला, म्हणजे सामान मोजून चार्ज देण्या-घेण्याला, किती दिवस लागले, काय कमी निघालं? हाताखाली किती जण होते? डिस्चार्ज बुक माग. त्यात ट्रेड (फौजेतलं नेमून दिलेलं काम), केलेले कोर्स, वैद्यकीय श्रेणी, चारित्र्याचा शेरा असतो. ईएमईचा (फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) व्हेइकल मेकॅनिक, सिग्नल्सचा (संदेशवहन) ऑपरेटर आणि इन्फन्ट्रीचा (पायदळ) हवालदार यांना ‘माजी सैनिक’ या एकाच रकान्यात कोंबू नकोस.

पगाराबाबत मात्र ठाम राहा. ‘पेन्शन आहे की, कमी पगारात येईल’ हे तू ऐकलं असशीलच. पेन्शन त्याने आधी केलेल्या नोकरीची आहे. पंधरा-सतरा वर्षांनी बाहेर पडलेला शिपाई पस्तिशी-चाळिशीत असतो, मुलं शाळेत असतात. त्या जागेचा जो पगार ठरलाय तोच त्याला मिळाला पाहिजे. दुसऱ्या कारखान्यात पूर्ण पगार मिळाला की तो जाणार, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही.

आता टिकवण्याचं. फौजेत 60 दिवसांची वार्षिक रजा, शिवाय कॅज्युअल. कारखान्यात कायद्याने 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस. जत्रेच्या तोंडावर वाद होण्यापेक्षा हे ऑफर लेटर देतानाच सांग. तो कुणाला रिपोर्ट करणार, हे लेखी दे. सकाळी प्रॉडक्शनवाला एक सांगतो, दुपारी क्वालिटीवाला दुसरं, याची त्याला सवय नसते. आणि वरिष्ठाला डावलून तो तुझ्याकडे तक्रार घेऊन येत नाही, थेट राजीनामाच येतो. म्हणून पहिले तीन महिने दर पंधरवड्याला तूच शॉपफ्लोअरवर जाऊन त्याच्याशी बोल. त्यालाही शिकावं लागतं : कंत्राटी कामगाराला हुकूम सोडून चालत नाही, तो उद्या शेजारच्या कारखान्यात जातो. सुरुवातीला एखादा मुरलेला सुपरवायझर सोबत दे. सुभेदार, नायब सुभेदार यांना फौजेत सगळे ‘साहेब’ म्हणत आलेत, त्यांना पहिल्याच दिवशी नुसत्या नावाने हाक मारू नये, हे तरुण इंजिनिअरांना सांगून ठेव.

करिअर फक्त यावर उभं करू नकोस. कामगार कायदे, वेतन, सगळ्या प्रकारची भरती शीक. पण हे काम उपयोगी पडणार आहे. 2022 मध्ये फौजेत चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली. त्यातल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं 2026-27 च्या सुमारास पुरी होतात, आणि कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पंचविशीच्या आतबाहेरची ही मुलं शिकाऊ म्हणून घेऊन घडवायची असतात. त्यांच्यासाठीची भरती वेगळी आख.

माजी सैनिकांची नोकरीसाठी नोंदणी जिथे होते त्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाशील तेव्हा ‘माणसं पाठवा’ एवढंच सांगू नकोस. काम, पगार, शिफ्ट, रजा असं लिहिलेला कागद घेऊन जा. पण त्याआधी बाबांचं डिस्चार्ज बुक मागून घे, त्यांच्या शेजारी बस आणि प्रत्येक ओळीवर विचार, ‘म्हणजे तुम्ही नेमकं काय करायचात?’