साखर कारखान्याचा नफा-तोटा नेमका कशावर ठरतो, आणि ते ओळखायचं कसं?

साखर उतारा (गाळलेल्या उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघते) आणि गाळपाचे दिवस, या दोन गोष्टी आधी तपासा. साखरेचा भाव महत्त्वाचा असला तरी तो कारखान्याच्या हातात नसतो. ओळखायची पद्धत सोपी आहे: एकेक आकडा थोडा हलवून नफा किती हलतो ते बघायचं. रोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर त्याच उसातून दिवसाला २५ टन साखर कमी निघते. स्टेशनरी किंवा गाड्यांच्या डिझेलवर कितीही काटकसर केली तरी हे भरून निघत नाही. गाळपाच्या दिवसांचंही तसंच. कायम कामगारांचे पगार आणि कर्जाचं व्याज हंगाम १०० दिवस चालला काय नि १५० दिवस चालला काय, तेवढंच राहतं; म्हणून दिवस कमी भरले की तो खर्च प्रत्येक टनावर जास्त बसतो.

पण उताऱ्यावरच थांबू नका, तो कशामुळे पडतो तिथपर्यंत जा. बहुतेक वेळा उत्तर गव्हाणीच्या (ऊस गाळपासाठी जिथे टाकतात त्या जागेच्या) अलीकडे सापडतं:

- तोडणीनंतर ऊस किती तास उन्हात पडून राहिला (माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आकडा हाच)
- जळीत उसाचं प्रमाण
- पाचट आणि माती

मात्र इथेनॉलसाठी बी-हेवी मोलॅसिस (जास्त साखर शिल्लक असलेली मळी) वळवणाऱ्या कारखान्याचा उतारा कागदावर कमीच दिसतो, कारण काही साखर मोलॅसिसमध्येच राहू दिलेली असते. अशा कारखान्याची तुलना करताना इथेनॉलचं उत्पन्न धरूनच हिशेब मांडा.