स्विच, रिले, कॉन्टॅक्टर, ब्रेकर: काम एकच असताना नावे वेगळी का?

स्विच, रिले, कॉन्टॅक्टर आणि सर्किट ब्रेकर ही सगळी साधने प्रवाह जोडतात किंवा तोडतात, मग त्यांना इतकी वेगवेगळी नावे का आणि ती आली कुठून, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यातले प्रत्येक नाव त्या साधनाच्या पहिल्या कामावरून पडले आहे, आणि ते पहिले काम दर वेळी जोडण्या-तोडण्याचे नव्हते.

स्विच म्हणजे मुळात बारीक, लवचीक छडी. घोडा हाकताना हातात धरतात तशी. हा शब्द इंग्रजीत बहुधा फ्लेमिश किंवा लो जर्मन बोलीतून आला. पुढे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या सांध्यांना हे नाव मिळाले आणि तिथून ते विजेच्या क्षेत्रात आले. म्हणजे त्यात प्रवाह थांबवण्यापेक्षा तो वळवण्याची कल्पना आधीची आहे. जिन्यातला दिवा वरून आणि खालून लावता येतो तो टू-वे स्विच नेमका रुळांच्या सांध्यासारखा वागतो, म्हणून या नावाला खरा जागणारा तोच, असे मला वाटते.

रिलेची कथा अधिक रंगतदार आहे. जुन्या फ्रेंच भाषेत हा शब्द शिकारीच्या वाटेवर राखून ठेवलेल्या ताज्या दमाच्या कुत्र्यांसाठी होता. नंतर तो टप्प्याटप्प्यावर बदलायच्या घोड्यांसाठीही वापरला जाऊ लागला. तारायंत्रातली अडचण तशीच होती. लांब तारेच्या रोधामुळे पलीकडे पोहोचणारा प्रवाह इतका क्षीण होई की त्याच्याने नोंद करणारे यंत्र हलत नसे. मात्र तेवढ्या प्रवाहावर एक हलकी लोखंडी पट्टी विद्युतचुंबकाकडे ओढली जाऊ शकत होती, आणि ती ओढली गेली की तिथल्याच बॅटरीचा दुसरा परिपथ जुळून यंत्राला पुरेसे बळ मिळे. जोसेफ हेन्री यांनी 1835 च्या सुमारास ही युक्ती वापरली, आणि 1844 मध्ये वॉशिंग्टन ते बाल्टिमोर सुरू झालेल्या मॉर्स यांच्या तारमार्गावरही ती होती. निरोप तोच, घोडा नवा.

कॉन्टॅक्टर हा शब्द एकत्र स्पर्श करणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. मोटारीसारख्या मोठ्या भारासाठीचा दणकट रिले, एवढे त्याच्याबद्दल पुरे. ब्रेकर जोडतोही, पण दोषाच्या वेळचा प्रचंड प्रवाह आणि तोडताना उठणारी ठिणगीची कमान झेलणे हे त्याचे अवघड काम असल्याने नाव फक्त तोडण्यावरून पडले. सरकत्या भागांशिवाय हेच काम करणाऱ्या थायरिस्टरच्या नावात दार या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. त्या नावाचा शेवटचा तुकडा ट्रान्झिस्टरचा आहे, आणि ट्रान्झिस्टर हे नाव बेल प्रयोगशाळेतल्या जॉन पियर्स यांनी 1948 मध्ये सुचवले होते.

मराठीत आपण कळ आणि खटका म्हणतो. खटका हा उघडच आवाजावरून घडलेला शब्द आहे, आणि आतली स्प्रिंग पट्टीला झटक्यात पलीकडे फेकते त्याचाच तो आवाज असल्यामुळे कोणत्याही परक्या नावापेक्षा मला तो अधिक नेमका वाटतो.

खरा घोळ मात्र 'बंद' या शब्दाचा आहे. रिलेच्या डबीवर कॉम (कॉमन, म्हणजे सामाईक टोक), एनओ (नॉर्मली ओपन) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड) अशा तीन खुणा असतात. शिकत असताना मी एनसीचा अर्थ 'एरवी बंद' असा लावला, दिवा एरवी बंदच हवा म्हणून तो त्या टोकाला जोडला, आणि पुरवठा देताच, रिलेच्या गुंडाळीत प्रवाह जाण्याआधीच, दिवा लागला. सर्किट म्हणजे लॅटिनमध्ये फेरी मारून येणे. इंग्रजीतला 'क्लोज्ड' हा त्या फेरीबद्दल बोलतो, ती मिटून पूर्ण झाली असे सांगतो, तर आपला 'बंद' दिव्याबद्दल बोलतो. त्यामुळे लिहिताना मी संपर्काला 'जुळलेला' किंवा 'सुटलेला' म्हणतो, आणि 'चालू' व 'बंद' हे शब्द दिव्यापुरते ठेवतो.