फळं नसतात तेव्हा बघ

प्रिय,

तुझा मेल कालच वाचला, चिंपांझींच्या खाण्याची केवढी मोठी यादी केलीयस, मेहनत दिसतेय. पण खरं सांगू का, यादी म्हणजे आहार नव्हे. यादीत रोज तासन्‌तास खाल्लेलं उंबराच्या जातीचं फळ आणि कधीतरी हाती लागलेलं माकडाचं मांस एकाखाली एक सारख्याच रुबाबात बसतात.

१९६० मध्ये चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी टांझानियात गोम्बेला चिंपांझींना मांस खाताना बघितलं, काडी घालून वाळवी काढतानाही बघितलं, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलंय, शिकार आणि हत्यारं! प्रत्यक्षात दिवसभर मागेमागे फिरलं की दिसतं काय, तर खाण्याचा निम्म्याहून जास्त वेळ पिकलेल्या फळांवर, मग पाला, आणि मांस म्हणजे अगदी नावापुरतं. तिथेच नंतर केळी ठेवून त्यांना कॅम्पजवळ आणायला लागले तर त्यांचं वागणंच बदललं, भांडणं वाढली. म्हणून आयतं खायला मिळणाऱ्या कळपाचा डेटा वाचताना जरा जपून.

तर यादी ठेव बाजूला आणि फळं संपतात तेव्हा काय होतं ते बघ, खरी गंमत तिथे आहे. बोर्निओच्या जंगलात काही वर्षांनी एकदम असंख्य झाडं फळतात, तेव्हा ओरांगउटान नुसते खातच सुटतात, अंगावर चरबी चढते. मग फळांचा दुष्काळ आला की झाडाची साल सोलून आतला मऊ थर चावत बसायचं. तिथल्याच गुनुंग पालुंगच्या जंगलात संशोधक शेरिल नॉट यांनी त्यांची लघवी गोळा करून तपासली (हो, झाडाखाली प्लास्टिक धरून, फील्डवर्क असंच असतं) तर टंचाईच्या दिवसांत लघवीत कीटोन सापडले, म्हणजे साठवलेली चरबी जळत होती. हे कुठल्या यादीत दिसणार होतं सांग.

आणि ते तू लिहिलंयस ना, 'गोरिला पालेखाऊ', ते खोड. आफ्रिकेतल्या विरुंगाच्या उंच डोंगरात फळंच फारशी नाहीत म्हणून तिथले गोरिला रानटी सेलरी, काटेरी झुडपं, खाजरी पानं खातात, पण आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या सखल जंगलातले गोरिला फळांच्या दिवसांत फळांसाठी चांगली पायपीट करतात. जंगल बदललं की ताट बदलतं.

आता मोजण्याचं. किती वेळ खाल्लं म्हणजे किती खाल्लं असं धरू नकोस, ही चूक मी स्वतः बरेच दिवस केलीय. एका फळाला झटापट करून दहा मिनिटं लागतात आणि दुसरी मिनिटाला वीस तोंडात जातात, म्हणून मिनिटाला किती घास ते वेगळं मोज. विष्ठा धुऊन चाळलीस तर बिया भरपूर मिळतील, पण कोवळा पाला, फुलं यांचा मागमूसही नसेल कधीकधी. झाडाखाली थुंकलेला चोथा बघायचा कंटाळा करू नकोस, रस चोखून बाकीचं टाकून देतात ते.

औषधी पानांचं तुला फार आकर्षण आहे ते कळतं. टांझानियातच महालेच्या जंगलात १९८७ मध्ये एक आजारी चिंपांझी मादी व्हर्नोनिया नावाच्या झुडपाचा कडू गाभा चावताना दिसली, पण ती एरवीही तो खाते का, आधी सुस्त होती का, नंतर सुधारली का, हे सगळं बघितलं तेव्हा कुठे त्याला वजन आलं. कडू खाल्लं की औषध, असं लगेच नोंदवू नकोस.

मास्क लाव, दहा मीटरच्या आत जाऊ नकोस, आपली सर्दी त्यांच्या जिवावर बेतते.

पुढच्या मेलमध्ये यादी नको. एकाच प्राण्याचा एक पूर्ण दिवस पाठव, घरट्यातून उठल्यापासून रात्री नव्या घरट्यात शिरेपर्यंत, आणि मधे तो दिसेनासा झाला असेल तर तेवढा वेळ वहीत कोराच ठेव.