प्रोसेसर आला, आता वायर कुठं लावायची?

गिटारचा प्रोसेसर (गिटारला वेगवेगळे इफेक्ट देणारं मशीन) घेऊन खानापुरात खोलीतच रेकॉर्डिंग सुरू करतोयस, आणि तो जोडायचा कसा विचारतोयस, हे वाचून बरं वाटलं. बाहेर पाऊस कोसळू दे, गणपतीचे ढोल वाजू दे, माइक नसल्यानं ट्रॅकमध्ये काही येणार नाही.

सध्या एकच वाट धर: गिटार प्रोसेसरला, प्रोसेसर यूएसबीनं लॅपटॉपला, हेडफोन प्रोसेसरलाच. यूएसबीतून ऑडिओ जात असेल तर वेगळा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आणायला बेळगाव गाठू नकोस. पण आधी मॅन्युअल बघ. काही मशीनची यूएसबी फक्त पॅच, म्हणजे आवाजाच्या तयार सेटिंग, भरण्यापुरती असते. विंडोजवर प्रोसेसरच्या कंपनीचा आसिओ (ASIO) ड्रायव्हर टाक, त्यानं आवाज कमी उशिरानं येतो.

नवीन माणूस हमखास अडतो तो इथं: प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. एक आवाज थेट प्रोसेसरचा, दुसरा लॅपटॉपमधून फिरून उशिरा आलेला. मी कितीतरी दिवस डिले (आवाज मागून पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) बंद करत बसलो होतो! रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे वाजवताना आवाज परत ऐकवणं, बंद कर, झालं.

अजून दोन चुका टाळ:
- डिस्टॉर्शन माशी घोंघावल्यासारखं वाटलं तर कॅब सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू आहे का बघ. अँप नसताना ते हवंच.
- लेव्हल लाल होऊ देऊ नकोस. जोरात वाजवून -१२ ते -६ डीबीच्या दरम्यान ठेव, रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवड.

रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) कमीच ठेव, एकदा रेकॉर्ड झाला की निघत नाही. री-अँपिंग (साधं रेकॉर्ड केलेलं गिटार नंतर अँप किंवा प्रोसेसरमधून पुन्हा काढणं) वगैरे नंतर बघू. लाईट कधीही जाते, म्हणून फाईल सारखी सेव्ह करत राहा, आणि पहिला ट्रॅक झाला की ऐकव.